पाण्यातून पसरत नाही

३ मार्च, मंगळवार

गेले दोन महिने जो भेटेल तो एकच विचारतोय, "काय गं, किती छान बारीक झालीस! काय करतेस, आम्हालाही सांग की." मी काय करतेय ते आज मलाही कळलं. मला मधुमेह झालाय.

लिहून टाकलं. तोंडाने अजून कुणाला सांगितलेलं नाही, आधी कागदाला सांगून पाहिलं. कागद उलटून काही बोलला नाही, हे बरं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहानच असाव्यात. त्यांनी शांतपणे समजावलं. शरीराची राखण करणारे शिपाई कधीकधी चुकून घरच्याच माणसांवर उठतात, तसे माझे शिपाई इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठले. याला टाइप वन म्हणतात आणि तो फक्त लहान मुलांनाच होतो असं काही नाही. आता इन्सुलिन बाहेरून घ्यायचं, सुईने, कायमचं. "तुम्ही काही केलंत म्हणून हे झालेलं नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या. ज्या अर्थी दोनदा म्हणाल्या, त्या अर्थी मी काहीतरी केलंच असणार.

पण काय? मी तलावावर पोहायला शिकवते. सकाळी मुलं असतात, दुपारी पन्नाशीपुढच्या बायका. त्यांच्या वर्गाला सगळे 'काकूंचा वर्ग' म्हणतात. दिवसाचे निम्मे तास मी पाण्यात असते. आणि तलावाच्या दारात माणसाच्या उंचीचं पोस्टर लावलंय: 'रोज पोहा, मधुमेह टाळा!' त्यावर टोपी घातलेली एक बाई बत्तीशी दाखवून हसतेय. ती बाई म्हणजे मी.

उद्या त्या बाईच्या समोरून आत कशी जाऊ?

५ मार्च, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. हा चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांना विचारतो, "आता स्पष्ट दिसतंय का?" माझं ऐकून याच्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. खुर्चीत बसला, पाणी प्याला, मग उठला आणि स्वयंपाकघरातला साखरेचा डबा थेट कचऱ्यात रिकामा केला. साखरेने माझं काय घोडं मारलं होतं?

"आजपासून आपण दोघं बिनसाखरेचा चहा," म्हणाला. पहिल्या घोटाला त्याचं तोंड असं झालं, की मला रडता रडता हसू फुटलं.

"आईंना सांगायचं नाही," मी बजावलं.

"अजिबात नाही," तो म्हणाला. आईला तो मुळातच घाबरतो.

सासूबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. जन्मभर लोकांची बोलणी जोडली आणि तोडली. आवाज असा, की अजूनही त्या "हॅलो" म्हणाल्या की समोरचा सरळ उभा राहत असेल. संध्याकाळी त्यांनी रिकामा डबा पाहिला.

"साखर कुठे गेली?"

"मुंग्या झाल्या होत्या," मी म्हटलं.

"मुंग्या? या घरात?" त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं झालं गेली ती. मला तरी कुठे लागते."

ते खरंच. त्यांना गोड आवडतच नाही. काही माणसं असतातच अशी अरसिक.

९ मार्च, सोमवार

माझ्या आईला फोनवर सांगून बसले आणि पस्तावले. हात दाखवून अवलक्षण.

आईच्या मते मला हे ओल्या केसांनी हिंडल्यामुळे झालं. लहानपणी कुत्रा मागे लागला होता, तेव्हा घेतलेली धास्ती आत मुरली, हे दुसरं कारण. मग तिने मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, लग्नानंतर झालंय ना, मग सासरकडूनच आलं असणार. जणू काही मधुमेह म्हणजे सासरचं आडनाव!

"आई, डॉक्टर म्हणाल्या, तसं काही नसतं."

"डॉक्टरांना काय कळतंय? जन्म मी दिलाय तुला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुठे बोलू नकोस हं. धाकटीचं लग्न ठरायचंय. उगाच लोक म्हणतील, घरात आहे."

मी कुठे बोलतेय? पण आईनेही तेच म्हटल्यावर मी फोन ठेवून दिला. आईला माझी लाज वाटेल असं मी आजवर काही केलं नव्हतं. आठवत राहिले, कुठे चुकलं असेल. कॉलेजात असताना पैजेवर अख्खा केक खाल्ला होता. तो असेल का?

१३ मार्च, शुक्रवार

सुईची भीती गेली. खरं तर ती सुई इतकी बारीक, की त्यापेक्षा डास जास्त चावतो. मोठी भीती लपवण्याची. इन्सुलिन, साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या असा सगळा संसार डब्यात भरून लाइफगार्डांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवलाय, आणि वर चिठ्ठी लावलीय: 'मासे. कालचे.' कुणाची उघडायची टाप नाही.

आमच्या व्यवस्थापकांना आम्ही पाठीमागे शिट्टीसाहेब म्हणतो, कारण गळ्यातली शिट्टी ते लग्नकार्यातही काढत नाहीत. आज नाक मुरडून म्हणाले, "मॅडम, तुमच्या डब्याला फार वास येतोय हो."

म्हटलं, "सॉरी साहेब, उद्या ताजे आणते."

१७ मार्च, मंगळवार

आज सासूबाईंचा मनापासून राग आला.

खालच्या मजल्यावर फोटोवाले राहतात, त्यांना मधुमेह निघाला. त्यांची बायको जिन्यात रडत सांगत होती. सासूबाई घरात येऊन, मी समोर असताना, नको तितक्या मोठ्याने म्हणाल्या, "ज्याच्या जिभेला लगाम नाही त्यालाच होतं हे. खा खा खायचं आणि मग रडायचं."

मी भांडी आदळली. त्या म्हणाल्या, "हळू, फुटतील."

यांना काही झालं तरी सांगणार नाही. स्वतःचं सगळं कसं घड्याळाच्या काट्यावर! जेवण काट्यावर, फिरणं काट्यावर, महिन्यातून एकदा 'मैत्रिणीकडे' जाणं तेही काट्यावर. ही मैत्रीण कधी आमच्याकडे आली नाही. आणि नटण्याची हौस तर बघा: रोज संध्याकाळी पलंगावर बसून हातआरशात स्वतःचे तळपाय न्याहाळतात! चेहरा सोडून पाय! बोटांच्या फटीसुद्धा. बूट घालण्याआधी ते उलटे करून झटकतात. या वयात एवढी चिकित्सा, आणि वर लोकांच्या जिभांवर लक्ष.

२० मार्च, शुक्रवार

काकूंच्या वर्गात आज फजिती झाली. दुपारचं जेवण घाईत अर्धंच झालं होतं, सुई मात्र पूर्ण घेतलेली. अर्ध्या तासात हात थरथरायला लागले, घाम फुटला. पाण्यात घाम! आणि विनाकारण संताप. शिंपीणकाकू माझ्या सगळ्यात आवडत्या. कपडे शिवतात, आणि पोहतानाही टाचण्या तोंडात धरल्यासारखे ओठ मिटून घेतात. त्यांच्यावरच ओरडले, "पाय मारा, पाय! कापड कापताय का?"

मग धावत जाऊन रस प्याले. परत येऊन माफी मागितली. सगळ्या काकू एकमेकींकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या.

"असू दे गं पोरी," शिंपीणकाकू म्हणाल्या. "अशा दिवसांत होतंच असं. चिडचिड, चक्कर, मध्येच भूक."

कशा दिवसांत? मला काही कळलं नाही. पण रागावल्या नाहीत, हे काय कमी झालं?

२३ मार्च, सोमवार

कळलं. शिंपीणकाकूंनी आज कागदात गुंडाळून भेट दिली: लोकरीचे इवलेसे मोजे. पिवळे. "मुलगा-मुलगी काही का असेना, चालतील."

पाण्यात पडले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. नाही म्हणावं, तर मग चक्कर कशाची ते सांगावं लागतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसले. आता मी अख्ख्या काकूवर्गाच्या लेखी बाळंतपणाला टेकलेय.

घरी पिशवीतून मोजे पडले ते नेमके सासूबाईंच्या पायाशी. त्यांनी उचलले, उलटसुलट केले. मला वाटलं आता आनंदाने घर डोक्यावर घेतील. तसं काही नाही. समोर बसवलं आणि चौकशी सुरू केली, जशी ट्रंक कॉल लावताना करत असतील.

"हात थरथरतात का?"

"कधीकधी."

"घाम? डोळ्यांपुढे काजवे? आणि गोड काही खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत बरं?"

"हो."

"जेवण लांबलं की होतं?"

"हो हो, तेव्हाच."

"हं," म्हणाल्या. उठल्या, आणि स्वतःच्या पर्समधून मूठभर गोळ्या काढून माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकल्या. "आतल्या कप्प्यात ठेवू नकोस. वेळेला चेन उघडत नाही."

बिचाऱ्यांना नातवंडाची केवढी आशा लागली असेल! मला अपराध्यासारखं वाटतंय. एक मात्र विचारायचं राहिलं. गोड न आवडणारी बाई पर्समध्ये गोळ्या कशाला ठेवते? रस्त्यातल्या मुलांना वाटत असतील.

३१ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

डबा घरी विसरले. म्हणजे जेवणाचा. 'माशांचा' फ्रिजमध्ये होता. सुई घेतली आणि जेवायला बसणार, तर पिशवीत डबाच नाही. दुकानातून काही आणीन म्हटलं, तोवर शिट्टीसाहेबांनी शिट्टी मारली, काकू पाण्यात उतरून बसल्या होत्या. गोळ्या पिशवीत होत्या, पिशवी कपाटात. म्हटलं, पाच मिनिटं दाखवते आणि येते.

खोल बाजूला पाठीवर तरंगून दाखवत होते. छत हळूहळू लांब जायला लागलं. काकूंचे आवाज लोकरीतून आल्यासारखे. मला कळत होतं की काठाकडे जायला हवं, पण काठ कुठल्या बाजूला तेच आठवेना. सगळ्या काकू हसत होत्या, त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

तेवढ्यात वरून आवाज आला. "तिला धरा! गंमत नाही ती. धरा आधी!"

माझा डबा घेऊन सासूबाई आल्या होत्या. त्या आवाजाने शिट्टीसाहेबांच्या तोंडातली शिट्टी पडली. लाइफगार्डने उडी मारली, शिंपीणकाकू तर त्याच्याही आधी पोचल्या. ज्यांना मी महिनाभर 'पाय मारा' म्हणून ओरडतेय, त्यांनी असे पाय मारले, की विचारू नका. दोघांनी ओढत काठाशी आणलं. सासूबाई बुटांसकट पायऱ्यांवर, कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या.

"माझ्याकडे बघ. नाव सांग तुझं. बरोबर. गिळता येतंय ना? मग पी." पर्समधून रसाची छोटी बाटली निघाली. "सगळी. तोंड वाकडं करू नकोस."

शिट्टीसाहेब म्हणाले, "अहो, तिला दिवस गेलेत, डॉक्टरांना..."

"दिवस गेलेले नाहीत. साखर गेलीय खाली." आणि पर्समधून यंत्र काढलं. पट्टी लावली, माझं बोट पुसलं, टोचलं, आकडा वाचला. नर्ससारखा हात चालला. "पंधरा मिनिटांनी परत बघू. तोवर कुणीही हिला उठवायचं नाही."

मी भानावर येत होते. पहिलं वाक्य मी काय बोलावं? "आई, हे माझं यंत्र नाही. माझं निळं आहे."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हे माझं आहे."

सगळ्या काकू पाण्यात, माना वर, एका ओळीत. आणि मधोमध ओल्याचिंब सासूबाई.

१ एप्रिल, बुधवार

सक्तीची सुट्टी आहे. सकाळी चहा घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. दोघींचा बिनसाखरेचा.

त्यांना नऊ-दहा वर्षं झाली. माझा नाही, दुसरा प्रकार, टाइप टू. त्यांच्या आईला होता, आजीलाही होता. "मी कधीच खादाड नव्हते गं," हे त्यांनी आधी सांगितलं, जणू मी न्यायाधीश. 'मैत्रीण' म्हणजे दवाखाना. पाय बघायचे, बूट झटकायचे, कारण या आजारात पाय बधिर होऊ शकतात आणि खडा टोचून जखम झाली तरी कळत नाही.

"आणि कुणालाच सांगितलं नाहीत? मुलालासुद्धा?"

"काय सांगू? ऑफिसात एकीला झाला, तेव्हा तिच्या टेबलावर कुणी केक ठेवेना, वर हसायचे, खाऊन खाऊन झाला म्हणून. मी पण हसले होते. मग मला झाला. म्हटलं, आपणच आधी बोलत राहावं, म्हणजे आपल्यावर कुणाचा संशय येत नाही."

"म्हणून फोटोवाल्यांना..."

"हो. चोराच्या उलट्या बोंबा." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "त्यांच्या बायकोला काल संध्याकाळी भेटून आले. पाय कसे बघायचे ते दाखवलं. चहा दिला तिने. फार गोड केला होता, पण प्यायले."

मग मी विचारलं, माझं कधी कळलं? म्हणाल्या, "मुंग्यांच्या दिवशी. त्याआधी महिनाभर तू रात्रंदिवस पाणी पीत होतीस, तेव्हाच शंका आली होती. तू सांगशील म्हणून थांबले. का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जिभेला लगाम वगैरे म्हणालात म्हणून."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्या एकदम म्हणाल्या, "मासे. कालचे." आणि हसायला लागल्या. ही चिठ्ठी यांना कुणी सांगितली? शिट्टीसाहेबांनी, काल, रडवेल्या तोंडाने. आम्ही इतक्या हसलो, की हा दाढीचा साबण तोंडावर घेऊन बघायला आला. त्याला वाटलं आम्ही रडतोय.

३ एप्रिल, शुक्रवार

शिट्टीसाहेबांनी बोलावलं. डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. ते बरोबरच आहे, माझ्या लपवाछपवीने काल-परवा जीव गेला असता. मी खोल पाण्यात असताना एखादी काकू बुडाली असती तर? हा विचार माझ्या मानेवर बसून आहे, उतरत नाही.

पण पुढचं बोलणं झोंबलं. "पत्र आलं तरी... बघू. पालकांचे फोन येताहेत. मॅडम, आपल्या पोस्टरवरच तुम्ही, आणि तुम्हालाच? लोक म्हणतील पोहून काही उपयोग नाही. आणि दुसरं..." इथे ते घुटमळले. "एकजण विचारत होते, मुलं त्याच पाण्यात असतात, तर..."

"तर काय?"

"पसरत तर नाही ना?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. करत नव्हते. शिवाय हळूच म्हणाले, "तसं मलाही नक्की माहीत नाही."

निघताना पाहिलं, पोस्टर काढलंय. भिंतीवर माझ्या उंचीचा पांढरा चौकोन उरलाय. सोळा वर्षांची नोकरी, आणि त्यातून चौकोन.

७ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं: शिकवू शकते. वर्गाआधी साखर मोजायची, खाल्ल्याशिवाय उतरायचं नाही, काठावर रस हवा आणि शेजारच्याला माहीत हवं. "लपवलं नाहीत तर बरंच सोपं आहे," म्हणाल्या. पोस्टरचंही विचारलं. तर पोस्टर तसं खोटं नाही: व्यायामाने दुसऱ्या प्रकाराचा धोका कमी होतो, माझ्या प्रकाराला मात्र पोहणाऱ्याची न पोहणाऱ्याची ओळख नसते. केकचंही विचारून घेतलं. तो केक नव्हता.

पत्र द्यायला सासूबाई बरोबर आल्या. शिट्टीसाहेबांच्या टेबलावर फोन घणघणत होता. ते उचलत, "अं... तसं... आम्ही चौकशी करतोय," असं काहीतरी बोलत, ठेवत, परत घणघण. तिसऱ्या वेळी सासूबाईंचा हात आपोआप पुढे गेला.

"नमस्कार, जलतरण तलाव. बोला." पाठ ताठ, पेन्सिल हातात. "नाही. मधुमेह पाण्यातून पसरत नाही. हवेतूनही नाही. एका ताटात जेवलात तरी नाही. मी? मला स्वतःला आहे, घरात मुलगा आहे, त्याला माझ्याकडून सर्दीसुद्धा लागली नाही कधी. हो, शिकवणाऱ्या मॅडम त्याच. त्यांच्याकडून मुलाला एकच गोष्ट लागू शकते, ती म्हणजे पोहणं. अजून काही शंका? ठेवते."

शिट्टीसाहेब उभे राहिले होते. कधी उभे राहिले त्यांनाही कळलं नसावं.

दुपारपर्यंत त्या तिथेच बसल्या. एका पालकाने बराच वाद घातला, शेवटपर्यंत ऐकलं नाही, मुलाला काढून घेतो म्हणाला. त्याने काढलंही. सासूबाईंनी रिसीव्हर ठेवून उसासा सोडला. "काही लाइनी खराबच असतात."

१० एप्रिल, शुक्रवार

काकूंनी संप केला!

माझ्या जागी लाइफगार्डला शिकवायला उभं केलं होतं. त्याने शिट्टी मारली. काकू उतरल्या, काठाचा दांडा धरला आणि थांबल्या. परत शिट्टी. कुणी हलेना. शेवटी शिंपीणकाकू म्हणाल्या, "आमचा धागा तुटलाय. मॅडम येईपर्यंत ओवला जाणार नाही." तासभर नुसत्या दांडा धरून गप्पा. मागची एक काकू, कधी न बोलणारी, मध्येच म्हणाली, "मलाही आहे. सहा वर्षं." आणि मग कुणाच्या नवऱ्याला, कुणाच्या बहिणीला. लाइफगार्डने हे सगळं मला फोनवर सांगितलं. त्याला त्यात शिकवण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणाला.

शिट्टीसाहेबांचा निरोप आला: सोमवारी या.

१३ एप्रिल, सोमवार

गेले. साखर मोजली, सगळ्यांदेखत. काकूंनी आकडा विचारला, सांगितला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आकड्याला टाळ्या मिळाव्यात असं काही नव्हतं, बेताचाच होता.

मोजे परत द्यायला गेले, तर शिंपीणकाकू घेईनात. "राहू देत. तुझ्या यंत्राला बसतात का बघ." बसतात. माझं निळं यंत्र आता पिवळ्या मोज्यात राहतं.

पोस्टरच्या चौकोनात साहेबांनी आग लागल्यास काय करावे याचा तक्ता लावलाय. माझी हरकत नाही. त्या बाईपेक्षा तक्ता जास्त कामाचा.

१६ मे, शनिवार

महिनाभर लिहायला फुरसत झाली नाही. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, हेही आहे. सकाळी टेबलावर सासू-सून बोटं टोचून बसतात, "तुझे किती, माझे किती" चालतं, आणि हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो, कारण त्याला रक्त बघवत नाही. एवढंच.

पण आज घडलं.

डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं होतं, आईला आहे, आजीला होता, तर मुलानेही तपासून घ्यावं. याने तीन आठवडे टाळलं. दुकानात गर्दी आहे, पाठ दुखतेय, आज वार चांगला नाही. शेवटी सासूबाईंनी कान धरून नेलं. आज निकाल आला. झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहे. आत्तापासून चाललं, वजन थोडं उतरवलं, खाण्याकडे पाहिलं, तर लांबवता येईल, कदाचित थोपवताही येईल.

हा कागदाकडे बघत राहिला. "पण मी तर बिनसाखरेचा चहा पितोय! मार्चपासून!" त्याच्या आवाजात असा अन्याय होता, की त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

मग त्याने दार बंद आहे ना ते पाहिलं, आणि दबक्या आवाजात आम्हा दोघींना म्हणाला, "हे बघा, दुकानात कुणाला कळता कामा नये. आणि तुझ्या माहेरी तर मुळीच नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. दोघींनाही हसू आलं नाही, म्हणजे लगेच नाही. समोर माझा नवरा नव्हताच, मार्चमधली मी उभी होते.

आणि फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. "बोला विहीणबाई. हो, सगळे ठीक. हो, तपासणी झाली त्याची." त्याने हात जोडले, मान हलवली, डोळे वटारले. सासूबाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "थांबा, तोच सांगेल. मी जोडून देते." रिसीव्हर त्याच्यापुढे धरला आणि वाट पाहिली. जबरदस्ती नाही. नुसता हात लांब केलेला.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्याने घेतला.

"आई, मी बोलतोय," तो म्हणाला. घसा खाकरला. "जरा साखर वाढलीय. अजून झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहे." तिकडून प्रश्न आला असावा. त्याने एकदा स्वतःच्या आईकडे पाहिलं. "कसा म्हणजे? माझ्या आईकडून चष्म्याचा नंबर आला, नाक आलं, हेही थोडं आलं असेल. थोडं माझं बसून काम. नाही, कुत्रा नाही मागे लागला. नाही हो, केस कोरडेच असतात माझे. आहेत तेवढे."

माझी आई तिकडून सुरू झाली होती, इथपर्यंत ऐकू येत होतं. ओल्या केसांपासून पुढे आता नव्या दिशेने. हा रिसीव्हर कानापासून जरा लांब धरून हं, हं करत होता, आणि दुसऱ्या हाताने खुंटीवरून फिरायला जायचे बूट काढत होता. त्याने ते उलटे करून झटकले.

"अरे, ते माझे आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तुझे खाली आहेत. चल, मी पण येते."